वेणूचा दाखला

गेल्या महिन्यात आमच्या जळगावच्या पिंप्राळ्यातल्या शेजाऱ्यांची मुलगी बी.एड.चे सराव पाठ आटोपून धुळ्याहून आली आणि चहा पिता पिता तिनं आम्हाला भुताची एक गोष्ट सांगितली. धुळ्यातली एक जुनी दगडी शाळा. तिथं पायऱ्या-पायऱ्यांचा एक वर्ग, त्याला गॅलरी म्हणतात. इंग्रजांच्या काळात त्या वर्गात एकच मुलगी शिकत होती. तिचं चित्रकलेच्या तरुण मास्तरांवर मन बसलं, बोभाटा झाला, आणि एका दुपारी शाळेमागच्या विहिरीच्या काठावर नुसत्या तिच्या हिरव्या बांगड्या सापडल्या.

"काका, अजूनही हजेरी संपली की शेवटी तिचा 'हजर' ऐकू येतो म्हणे. तुम्ही त्याच शाळेत होतात ना? खरं आहे का हो?"

माझा चहा बशीतच राहिला. बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कप उचलून ती आत गेली. तिला ठाऊक आहे. त्या बांगड्या माझ्या आहेत. म्हणजे मी त्या रचल्या आहेत. धुळ्याहून जळगावला येताना पारोळ्याच्या स्टँडवर एस.टी. थांबली होती, खिडकीखाली एक कासारीण टोपली घेऊन बसली होती, टोपलीत हिरव्या बांगड्या होत्या. मांडीवरच्या वहीत मी त्या लिहून टाकल्या. चित्रकलेचे मास्तरही त्याच प्रवासात सुचले, एरंडोलच्या अलीकडे.

"ऐकीव गोष्टी गं," एवढंच मी त्या मुलीला म्हणालो. खरं सांगायचं तर सोनवणे नानांबद्दल सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत मला चहाच्या वेळी होईना. आता लिहून पाहतो.

भिकन दौलत सोनवणे आमच्या शाळेचे हेडक्लार्क. सगळे त्यांना नाना म्हणत, हेडमास्तरसुद्धा. ऐंशीच्या सुरुवातीला मी मराठीचा शिक्षक म्हणून तिथं रुजू झालो तेव्हा माझे कागद त्यांनीच तपासले. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि टोपीच्या घडीत खोचलेल्या चार टाचण्या. खुर्चीवर मांडी घालून बसत. माझं गाव वाचून त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "असोदा. म्हणजे केळीवाले तुम्ही. इकडे आमच्याकडे पाणी जपून प्या." धुळ्याच्या माणसानं जळगावच्या माणसाला पहिल्याच दिवशी एक टोला द्यायचा असतो, तो त्यांनी दिला आणि मग स्वतःच्या माठातलं पाणी आणून दिलं.

नानांचा जीव होता जनरल रजिस्टरात. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक पोराची त्यात एक ओळ असते. डावीकडे नाव, जात, गाव, जन्मतारीख, प्रवेशाची तारीख. उजवीकडे शाळा कधी सोडली, का सोडली आणि दाखला कधी नेला. शाळा सुरू झाली तेव्हापासूनची सगळी रजिस्टरं लाल कापडात बांधून, कडुनिंबाचा पाला घालून, त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली होती. त्यात लिहायला दौत आणि टाक. बॉलपेन कपाटाजवळसुद्धा चालत नसे. रजिस्टर ऑफिसचा उंबरा ओलांडत नसे. शिक्षणाधिकारी आले तरी त्यांना ऑफिसात येऊन, नानांच्या समोरच्या स्टुलावर बसून बघावं लागे.

नवीन पोराचं नाव घालायला बाप घेऊन येई. नाना बापाला गप्प बसवत आणि पोराला म्हणत, "तुझं नाव तू सांग. मोठ्यानं सांग, शाई ऐकते." पोरगं दोन-तीनदा पुटपुटे, मग एकदाचं ओरडे. तेव्हा नाना टाक उचलत.

धुळ्याच्या बाजारात त्यांच्याबरोबर चालणं म्हणजे करमणूक. पानवाला, वकील, हमाल, डॉक्टर, सगळे त्यांच्या रजिस्टरातले. एक जूनला तर ते मुद्दाम आग्रा रोडवरून फेरी मारत. जुन्या काळी गुरुजींना पोराची जन्मतारीख कळली नाही की ते सरळ एक जून टाकत. त्यामुळे नाना दुकानादुकानाशी थांबून हात जोडत, "वाढदिवसाच्या शुभेच्छा! आईला विचारून बघा, खोटा आहे, पण शासनमान्य आहे."

त्यांचं एक वाक्य सगळ्या शाळेला पाठ होतं. दाखला नेला नाही तोवर पोरगं शाळेतच. कोणी मध्येच शाळा सोडून पळालं, कोणी नापास होऊन घरी बसलं, तरी नाना उजवीकडचे रकाने कोरे ठेवत. एकदा सोनगीरकडचा एक म्हातारा आला. मळकं धोतर, हातात काठी, वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला हवा होता. नानांनी नाव विचारलं, पाच मिनिटांत रजिस्टर काढलं आणि बोट ठेवून त्याला म्हणाले, "भाऊ, चाळीस वरीस व्हई ग्यात, तू गैरहजर शेस. बठ्ठा मास्तर तुन्ही वाट देखी देखी रिटायर व्हई ग्यात!"

म्हातारा बोळक्या तोंडानं हसला. "बाप म्हने, बैल वळाले चाल. मी गऊ ते गऊच, नाना."

नानांनी दाखला लिहिला. 'वर्तणूक' या रकान्यात लिहिलं, चांगली.

"मन्ही वर्तणूक तुमले काय माहीत?"

"आजपावत तुन्ही तक्रार उनी नही. म्हंजे चांगलीच."

हा 'चांगली' शब्द ते सगळ्यांना लिहीत. अट्टल पोरांनाही आणि बोर्डात आलेल्यांनाही. एका बड्या अधिकाऱ्याच्या मुलाच्या दाखल्यावर 'उत्तम' लिहा असा निरोप आला होता, तर नानांनी निरोप्यालाच चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाले, "उत्तम कोणी नसतं सर. चांगली पुरते. जगात कुठंही चालते."

शाळा इतकी जुनी, तेव्हा भुतं आलीच. पोरांच्या हिशेबानं तीन होती. पहिलं गोऱ्या हेडमास्तरांचं. भर दुपारी बाराला ते बूट वाजवत व्हरांड्यातून फिरतात. नाना हे भूत मुळीच मानत नसत, कारण त्यांच्याकडे कागद होता. "बदली झाल्याची नोंद आहे, कार्यमुक्त केल्याची नोंद आहे, त्यावर साहेबांची स्वतःची सही आहे. कार्यमुक्त माणूस ड्यूटीवर येईल कसा?" दुसरा पिंपळावरचा मुंजा. "त्याला प्रवेश कोणत्या साली? नोंद नाही. बाहेरचा आहे तो. त्याचा शाळेशी संबंध नाही."

तिसरं गॅलरीतल्या मुलीचं. ती कधीतरी विहिरीत पडली आणि तेव्हापासून वरच्या पायरीवर, डाव्या हाताला, भिंतीशी बसते, असं पोरं सांगत. पण तिला कोणी भीत नसे. ती गणितं सुटायला मदत करते असा बोलवा होता. वार्षिक परीक्षेच्या दिवसांत शाळेपुढचा गुलमोहर फुललेला असे, तेव्हा पोरं पेपराला जाताना एकेक फूल त्या कोपऱ्यात ठेवून जात. आम्ही शिक्षकही हजेरी संपल्यावर क्षणभर थांबून मग हजेरीपट मिटत असू. का, ते कोणी विचारत नसे, तशी रीतच पडली होती. मी त्या वर्गाचा वर्गशिक्षक झालो तेव्हा मीही थांबू लागलो.

या तिसऱ्या भुताबद्दल मी नानांना एकदा छेडलं. "नाना, हिची काय नोंद?" त्यांनी टाक दौतीत बुडवला, बराच वेळ तसाच धरला आणि म्हणाले, "विहिरीत कोणी पडलेलं नाही, सर." आणि पुढची ओळ लिहू लागले. त्यांचा विनोद इथंच का आटला, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मी मराठीचा शिक्षक, माणसांच्या मनातलं ओळखतो अशी माझी समजूत होती. दोन दिवाळी अंकांत माझ्या कथा छापून आल्या होत्या, त्याचा हा परिणाम.

मग शाळेचा शतकमहोत्सव आला. स्मरणिका काढायची ठरली, मी समितीचा चिटणीस. छपाई जळगावला, कारण मी दर शनिवारी असोद्याला जात असे आणि प्रेस वाटेत पडे. नानांकडे जुन्या नोंदी काढायचं काम आलं. हेडमास्तर मला म्हणाले, "चौधरी, इतिहास कोण वाचतं? काहीतरी हलकंफुलकं लिहा. शाळेची भुतं लिहा." मी 'आमची भुतावळ' नावाचा लेख लिहिला. साहेब आणि मुंजा पहिल्या दोन पानांत उरकले. मुलीपाशी आलो तेव्हा वाटलं, नुसतं विहिरीत पडून भागत नाही, कारण हवं. तेव्हा ते मास्तर आले आणि त्या बांगड्या आल्या. शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. पोट धरून हसले सगळे, आणि शेवटाला गप्प झाले. चित्रकलेचे आमचे खरे मास्तर तेवढे लाजले. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

लेख प्रेसमध्ये गेला, छपाईचे खिळे जुळले, शेवटची प्रुफं तपासायला मी एका शनिवारी निघालो. सकाळची शाळा सुटली होती, उन्हाचा तडाखा होता. धुळ्याच्या स्टँडवर जळगाव गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो, तर समोरून नाना येताना दिसले. काखेत लाल कापडाचं बोचकं. टोपी घामानं भिजलेली. ते रजिस्टर होतं. उंबरा न ओलांडणारं रजिस्टर घेऊन ते भर उन्हात दीड मैल चालत आले होते.

"सर, तुमचा लेख वाचला. हेडमास्तरांच्या टेबलावर होता."

"कसा वाटला?" मी विचारलं.

हा प्रश्न मला अजूनही झोपू देत नाही असं मी म्हणणार नाही, झोप लागते. पण आठवला की कानशिलं तापतात. मला वाटलं होतं, ते शाबासकी द्यायला आलेत.

नानांनी बाक हातानं झाडला, कापड सोडलं आणि एक पान उघडून ओळीवर बोट ठेवलं. वेणू दौलत सोनवणे. डावीकडचे सगळे रकाने वळणदार अक्षरांत भरलेले. उजवीकडे काही नाही.

"दौलत सोनवणे म्हणजे…"

"मन्हा बाप. आठेच शिपाई व्हता. वेणू मन्ही बहीन शे, सर. मन्हापेक्षा चार वरीसनी मोठी."

माझ्याशी ते नेहमी ऑफिसातलं मराठी बोलत. त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या घरच्या बोलीत बोलले.

शाळेच्या मागं, विहिरीजवळ, शिपायांच्या दोन खोल्या होत्या. सोनवणे कुटुंब तिथं राहत होतं. मुलांची शाळा, मुलगी एकही नाही. वेणू व्हरांडा झाडता झाडता खिडकीतून ऐकायची आणि घरी येऊन भावाला गणितं समजवायची. त्या वेळच्या हेडमास्तरांनी एकदा तिला फळ्यावर उदाहरण सोडवायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी तिचं नाव घातलं. मुलांनी मागं वळून बघू नये म्हणून तिला वरच्या पायरीवर, भिंतीशी बसवलं. दिवाळीच्या सुट्टीत ती मामाकडं सोनगीरला गेली. तिथं ताप आला. एकवीस दिवसांत आटोपलं. ना प्रेम, ना बोभाटा. विहिरीवर जाळी बसली तीही कुणी पडलं म्हणून नव्हे, पुढं नारूची साथ आली म्हणून.

"सुटी सरनी. बाप कामवर उना, पन साहेबले सांगाले त्याना तोंडमा शब्दच नही. मी गॅलरीना दारजवय उभा व्हतू. मास्तरनी हजेरी लिधी. पोरेसनी नावे सरनात, मंग शेवटले, 'वेणू सोनवणे'. कोनीच बोले ना. माले ते सहनच व्हये ना, सर. मी दारआडथून 'हजर' म्हनी टाकं."

नानांनी ओळीवरचं बोट उचललं.

"तो आवाज मन्हा व्हता. मी नऊ वरीसना व्हतू. पोरेसनी ऐका आनि तठपासून ती शायमा शे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मग लेखच काढून टाकू का?"

"नही, नही." ते एकदम म्हणाले. "भूत ऱ्हाऊ द्या. पोरे तिले फुले वाहतस, माले बरं वाटस. फक्त हीर काढा, त्या बांगड्या काढा, त्या मास्तरले काढा. पोरे सांगतस तवलोंग ती हवा शे. छापं का नोंद व्हई जास. आनि जमनं ते तिन्हं नाव टाका, पहिली मुलगी म्हनीसन. रजिस्टरमा शे, खोटं नही."

म्हणजे मागणं एवढंच होतं. विहीर, बांगड्या, मास्तर, अशा चार ओळी काढायच्या आणि एक नाव घालायचं. बहिणीला न लागलेला डाग छापून येऊ नये, एवढंच.

"काढतो नाना. शब्द देतो," मी म्हणालो. गाडी लागली. मी खिडकीतून पाहिलं तर ते बाकावर बसून रजिस्टर परत लाल कापडात बांधत होते, तान्ह्या पोराला गुंडाळावं तसं.

जळगावच्या प्रेसमध्ये पोचलो तर मालक पान हातात घेऊनच उभे. "सर, ही बांगड्यांची जागा वाचली आणि अंगावर काटा आला बघा. आमचा कंपोझिटर तर दोनदा वाचत बसला. तुम्ही इथं काय करताय, पुण्याला जा." चहा आला. पान बांधून तयार होतं, पण बदल अशक्य नव्हता. अर्ध्या तासाचं काम, ते स्वतःच म्हणाले. "काही दुरुस्ती असेल तर आत्ता सांगा."

मी ती जागा पुन्हा वाचली. चांगली जमली होती. ती काढली तर लेखात काय उरत होतं? एक गोरा साहेब आणि एक मुंजा. मी मनाला म्हणालो, ती नानांची बहीण होती हे कुणाला माहीत आहे? नाव तर मी दिलेलंच नाही. मनाला जे ऐकायचं असतं ते सांगायला आपण फार हुशार असतो. मी प्रुफाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'बदल नाही', खाली सही केली, तारीख घातली. कोणी माझा हात धरला नव्हता. हेडमास्तरांचा धाक नव्हता, वेळ कमी नव्हता. माझं लिहिलेलं मला आवडलं होतं, एवढंच कारण.

समारंभ मोठा झाला. मैदानावर मांडव, खुर्च्या, गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी. नारळ आणि शाली नानांकडे होत्या. व्यासपीठाच्या डाव्या बाजूला ते मोठं तबक धरून उभे होते. प्रमुख पाहुण्यांनी स्मरणिका उघडली, चाळली आणि म्हणाले, "बाकी राहू द्या, ही एक गंमत ऐका." त्यांनी माझ्या त्या चार ओळी माईकवरून वाचल्या. चांगल्या वाचल्या. मास्तरांपाशी हशा पिकला, बांगड्यांपाशी मांडव शांत झाला. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, तेही मला वर व्यासपीठावर ऐकू आलं, "काय अवदसा आठवली असेल मेलीला. आईबापाचं तोंड काळं केलं."

मी नानांकडे पाहिलं. तबक हललं नाही. पाहुण्यांचं वाचून झालं, टाळ्या झाल्या, आणि नाना पुढची शाल घेऊन आले. ती शाल माझी होती. लेखकाचा सत्कार.

दुसऱ्या दिवशी मीच ऑफिसात गेलो. ते काही विचारतील या भीतीनं आधीच बोललो, "नाना, मी सांगितलं होतं हो प्रेसवाल्याला. त्यानं घाईत तसंच छापलं."

नानांनी मान वर केली. "होतं सर. घाईत राहून जातं."

ऑफिसातलं मराठी. त्यानंतर ते माझ्याशी कधीही आपल्या बोलीत बोलले नाहीत. बाकी काहीच बदललं नाही, त्याचाच मला त्रास होई. माठातलं पाणी देत, रजेचे अर्ज दुरुस्त करून देत, केळीवाल्यांवरचा टोलाही अधूनमधून मारत. चिडले असते, चारचौघांत अपमान केला असता तर मी सुटलो असतो.

बदललं ते गॅलरीत. पुढच्या परीक्षेला कोपऱ्यात गुलमोहराची फुलं नव्हती. बांगड्यांचे हिरवे तुकडे होते. पोरं ते कुठून तरी वेचून आणत, ठेवत आणि एकमेकांना कोपरानं ढोसून हसत. गणितात मदत करणारी मुलगी गेली होती. तिच्या जागी मी दुसरीच कोणी आणून बसवली होती. हजेरीनंतर थांबलो की मागून एखादा वात्रट पोरगा बारीक, लाडिक आवाजात 'हजर' म्हणे आणि वर्ग हसत सुटे. मी थांबणं सोडून दिलं. दर शनिवारी शाळा सुटली की नाना गॅलरीत जात आणि वरच्या पायरीवरच्या काचा जुन्या कागदावर गोळा करत. हे काम शिपायाचं होतं. मी एकदा दारातून पाहिलं आणि पावलं न वाजवता परत फिरलो.

दोन-अडीच वर्षांनी नव्वदीच्या सुरुवातीला नाना निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी एकेकाला बोलावून त्याच्या त्याच्या फायली ताब्यात दिल्या. मला स्मरणिकेची फाईल आली, कारण चिटणीस मी होतो. फितीची गाठ सोडली तर सगळ्यात वर प्रेसनं परत पाठवलेलं प्रूफ. कोपऱ्यात माझ्या अक्षरात 'बदल नाही', सही, तारीख. तोच शनिवार होता. त्याखाली नानांच्या टाकानं आवक क्रमांक आणि तारीख घातलेली होती आणि लिहिलं होतं, 'फाईलला सामील'. प्रूफ समारंभाच्या आधी, स्मरणिकांच्या गठ्ठ्याबरोबर ऑफिसात आलेलं होतं. म्हणजे मी प्रेसवाल्याचं नाव पुढं केलं तेव्हा हा कागद त्यांच्या हातून जाऊन कितीतरी दिवस झाले होते. तरी ते म्हणाले होते, घाईत राहून जातं.

"सगळे कागद बरोबर आहेत ना, सर? मग पोच द्या."

मी पोच दिली. माझ्याच खोटेपणाची पोच, दोन प्रतींत. मला बोलायचं होतं. "नाना, मी…" एवढं तोंडातून आलंही.

त्यांनी मध्येच एक कागद पुढं सरकवला. "अजून एक सही आहे. गॅलरीचे वर्गशिक्षक तुम्ही, म्हणून."

शाळा सोडल्याचा दाखला होता. वेणू दौलत सोनवणे. शाळा सोडल्याचा दिनांक, त्याच दिवसाचा. शाळा सोडण्याचं कारण, पालकांच्या विनंतीवरून. वर्तणूक या रकान्यात, छत्तीस-सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुणालाही न लिहिलेला शब्द होता. उत्तम. शाई अजून ओली होती. हेडमास्तरांची सही आधीच झालेली. ते दाखले न वाचताच सह्या करत.

इतकी वर्षं तिला शाळेत ठेवून घेतलेला हा माणूस आता तिला घेऊन चालला होता. शाळा तिच्या राहण्याजोगी उरली नव्हती, आणि ती कुणी बिघडवली ते आम्हा दोघांना माहीत होतं.

"इथं," नाना म्हणाले आणि जागा बोटानं दाखवली.

मी सही केली. ती वाकडी आली. त्यांनी कागद उचलून त्यावर फुंकर घातली, मग रजिस्टर उघडून उजवीकडचे रकाने एकेक करून भरले. शेवटच्या रकान्यात लिहिलं, 'दाखला नेला'. पान वाळेपर्यंत थांबले. रजिस्टर कापडात बांधून कपाटात ठेवलं, किल्ली नव्या क्लार्कच्या हातात दिली, दाखल्याची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. निरोप समारंभ सकाळीच झाला होता. हार खुर्चीवरच राहिला.

मी ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. वर्ग चालू होते, मैदान रिकामं होतं, फाटक बंद होतं. नाना गुलमोहराखालून सावकाश गेले. नेहमी लगबगीनं चालणारा माणूस, पण त्या दिवशी लहान पावलांच्या कुणाला सांभाळून चालावं तसे चालत होते. फाटकातलं छोटं दार त्यांनी उघडलं. उघडून ते बाजूला झाले, दार हातानं धरून थोडा वेळ थांबले, जेवढा वेळ एखाद्या मुलीला वाकून बाहेर पडायला लागतो तेवढा. मग स्वतः बाहेर पडले आणि दार मागं ओढून घेतलं.